सासूबाईंच्या टॅबवर पाळणा कसा आला?

«ताई, आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली. दोन वर्षांपासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत, पण आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. रात्री सगळे झोपले की मी मोबाइलवर टेस्ट ट्यूब बेबीबद्दल वाचत बसते, कधी इनकॉग्निटोमध्ये, कधी तशीच. पाळीच्या तारखा ठेवायचं एक अ‍ॅपही घेतलंय. एका दवाखान्याच्या साइटवर ‘मोफत सल्ला’ लिहिलं होतं, तिथे माझा नंबर टाकला. गेल्या रविवारी सासूबाई टॅबवर कीर्तन लावून मेथी निवडत होत्या (टॅब माझाच जुना, मीच त्यांना दिला). मध्येच पाळण्याची जाहिरात आली, मग बाळाच्या दुपट्यांची. त्या हसून म्हणाल्या, ‘काय गं, गोड बातमी लपवताय की काय?’ मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवऱ्याला वाटतंय, मीच कुणाकडे तरी बोलले. ताई, फोन आपलं बोलणं ऐकतो का? प्रत्येक साइटवर ते ‘कुकीज स्वीकारा’ येतं, ते मी न वाचता दाबते. त्यामुळे झालं का हे? आता हे सगळं वाचणंच सोडून देऊ का?
— एक वाचक, चिंचवड»

प्रिय मैत्रिणी,

वाचणं सोडू नका, हे आधी सांगते. आपल्या शरीराबद्दल, उपचारांबद्दल, खर्चाबद्दल स्वतः माहिती काढणं यात लपूनछपून करण्यासारखं काही नाही, आणि ते तुम्ही करताय हे चांगलंच आहे. दुसरं, हे उत्तर तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या. तुम्ही कुणाकडे काही बोलला नाहीत. गोष्ट फुटली ती यंत्रातून, आणि कुठून फुटली ते तुमच्याच पत्रात कंसातल्या एका ओळीत आहे.

टॅब सासूबाईंना देताना त्यातलं तुमचं गूगल खातं काढलं होतंत का? बहुतेक नसेल. हे मी कितीतरी घरांत पाहते. जुना फोन आईला, जुना टॅब बाबांना, आणि आत खातं मात्र मुलीचं किंवा सुनेचं, कारण नवीन काढायचं म्हणजे पासवर्ड आला, ओटीपी आला, ते पुढच्या रविवारी बघू म्हणून राहून जातं. मग तुम्ही रात्री बारा वाजता फोनवर जे शोधता आणि सासूबाई सकाळी टॅबवर जे लावतात, ते गूगलच्या वहीत एकाच बाईच्या पानावर लिहिलं जातं. कीर्तन त्यांचं, जाहिरात तुमची.

आणि जाहिरात पाळण्याचीच का, उपचारांची का नाही? कुणाच्या आजारावर किंवा आरोग्याच्या अडचणीवर नेम धरून जाहिरात करायची नाही, असा गूगलचा जाहिरातदारांसाठी नियम आहे. पाळणा, दुपटी, लंगोट हे मात्र बाजारातलं साधं सामान. जिला बाळ होणार आहे ती आणि जिला बाळ हवंय पण होत नाही ती, या दोघी त्या यंत्रणेला सारख्याच दिसतात. तिला एवढंच कळतं की ही बाई बाळाबद्दल वाचते आहे. तुमच्या पत्रातलं ‘स्वयंपाकघरात जाऊन रडले’ हे वाचल्यावर मला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

फोन ऐकतो का, ही शंका मला जवळजवळ रोज कुणीतरी विचारतं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. चोरून माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. काही अ‍ॅप स्क्रीनवर काय चाललंय त्याची नोंद बाहेर पाठवताना मात्र सापडली. बोलणं ऐकायची गरजच पडत नाही, एवढं आपण बोटांनी सांगून ठेवलेलं असतं. ते कसं, हे समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल.

कुकी म्हणजे काय? देवळाबाहेर चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो ना, तसा बिल्ला. स्टँडवाल्याला तुमचं नाव माहीत नसतं. तो आकडा पाहतो आणि त्या आकड्याच्या खणातल्या चपला काढून देतो. वेबसाइटचंही तसंच. मुळात वेबला स्मरणशक्तीच नाही, तुम्ही एका पानावरून दुसऱ्यावर गेलात की साइटच्या दृष्टीने तुम्ही कुणी नवीनच. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरने यावर तोडगा काढला: साइटने ब्राउझरला (म्हणजे क्रोमसारख्या, साइट उघडायच्या अ‍ॅपला) एक छोटी चिठ्ठी द्यायची, आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक वेळी ती दाखवायची. ऑनलाइन दुकानाच्या टोपलीत टाकलेली साडी पुढच्या पानावर टोपलीतच राहते ती या चिठ्ठीमुळे. रेल्वेचं तिकीट काढताना मध्येच पुन्हा लॉगिन मागितलं जात नाही, तेही या चिठ्ठीमुळे. कुकी म्हणजे व्हायरस नव्हे. तिला तुमचे फोटो बघता येत नाहीत की मेसेज वाचता येत नाहीत. आणि एका साइटची कुकी दुसरीला वाचता येऊ नये, हा नियम माँटुलीने पहिल्यापासून घालून दिला होता.

जाहिरातवाल्यांनी या नियमाला बगल दिली. आता अशी कल्पना करा की आळंदीच्या देवळाबाहेर, तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर, साड्यांच्या दुकानाबाहेर आणि लायब्ररीबाहेर, सगळीकडे चप्पल स्टँडचा ठेकेदार एकच आहे, आणि सगळीकडे तुम्ही तोच बिल्ला दाखवताय. ठेकेदाराला नावाची गरज नाही. तो वहीत लिहितो: बिल्ला क्रमांक अमुक, सोमवारी देवळात, मंगळवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, बुधवारी परत तिथेच. तुम्ही बातमी वाचायला जी साइट उघडता, तिच्या पानात जाहिरात कंपनीचा एखादा तुकडा बसवलेला असतो, कधीकधी डोळ्यांना दिसणारही नाही असा एका ठिपक्याएवढा. तो तुकडा कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि येताना स्वतःची कुकी ठेवून जातो. पुढच्या साइटवर त्याच कंपनीचा तुकडा असला की जुनी कुकी तिच्या हाती लागते. याला तृतीय पक्ष कुकी म्हणतात. आणि ज्या दिवशी तुम्ही त्या कंपनीच्या खात्यात लॉगिन करता, त्या दिवशी बिल्ल्याला नाव चिकटतं.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी माझ्या लॅपटॉपवर वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका केंद्राची साइट उघडली. कोणती ते लिहीत नाही. एफ १२ हे बटण दाबलं की पानाच्या आतली बाजू दिसते, तिथे ‘अ‍ॅप्लिकेशन’मध्ये कुकीजची यादी असते. मी अजून कशालाच हो म्हटलं नव्हतं, तरी ओळी भरलेल्या होत्या. एका ओळीत गूगल अ‍ॅनालिटिक्सची, म्हणजे साइटवर कोण कधी आलं ते मोजणाऱ्या गूगलच्या सेवेची, कुकी होती. तिचं नाव असतं ‘जीए’ आणि आत जीए१.१ च्या पुढे दोन लांबलचक आकडे. पहिला आकडा चिठ्ठी टाकून काढल्यासारखा कसाही, तो माझा बिल्ला. दुसरा आकडा १७६२५४०८००. तो कसाही नसतो. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले ते सेकंद आहेत, म्हणजे मी त्या साइटवर पहिल्यांदा पाऊल टाकलं तो क्षण. हिशेब केला तर निघतं: ८ नोव्हेंबर २०२५, मध्यरात्री बारा वाजून दहा मिनिटं. खालच्या ओळीत फेसबुकच्या ठिपक्याची कुकी होती, तिची मुदत नव्वद दिवस. एखादी बाई मध्यरात्री उठून त्या पानावर गेली, ही वेळेसकट झालेली नोंद आहे, आणि अशा नोंदी पुढे तीन महिने, कधी वर्षभर तिच्याच फोनमध्ये बसून राहतात. क्रोममध्ये कुकीला जास्तीत जास्त चारशे दिवस मुभा आहे.

आता तुमचं ‘स्वीकारा’ बटण. त्याचा हातभार लागला असेल, पण दोष तुमचा नाही. ती पट्टी मुद्दामच अशी बनवतात की घाईतल्या माणसाने हो म्हणावं: ‘स्वीकारा’ ठळक रंगात, आणि नाही म्हणायचं तर फिकट अक्षरांतले ‘पर्याय’, त्यात आणखी चार पानं. युरोपात २०१८ पासून लोकांची वैयक्तिक माहिती जपणारा जीडीपीआर हा कडक कायदा आहे. आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावल्याचं जाहीर केलं. कारण अगदी साधं होतं: हो म्हणायला एक क्लिक पुरत होता आणि नाही म्हणायला अनेक लागत होते.

आपल्याकडेही हे येतंय. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात संमती मोकळेपणाने, नेमक्या कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली असावी लागते. दिलेली संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं, असंही त्यात आहे. सूचना मराठीतून वाचायची सोय द्यावी लागणार आहे, कारण घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांचा त्यात उल्लेख आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर आपलं आपणच सांभाळायचं आहे.

इनकॉग्निटोबद्दल बऱ्याच जणींचा गैरसमज असतो. ते घरातल्या माणसांपासून लपवतं, साइटपासून नाही. खिडकी बंद केली की त्यातला इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात, एवढंच. ती उघडी असताना तुम्ही कुठे लॉगिन केलंत तर झाकपाक संपली. अमेरिकेत गूगलवर २०२० मध्ये याच गोष्टीवरून खटला झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अशा वापराच्या अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं. आणि तुम्ही ‘कधी तशीच’ वाचत होता, त्या वेळा पुरेशा होत्या.

‘मोफत सल्ला’वाल्या चौकटीत तुम्ही नंबर दिलात, ती माझ्या मते कुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे. कुकी पुसता येते, मोबाइल नंबर कसा पुसणार? जाहिरातदार आपल्याकडच्या नंबरांची आणि ईमेलची यादी सांकेतिक रूपात जाहिरात कंपन्यांना देतात, कंपनी ती आपल्या खातेदारांशी ताडून पाहते, आणि जुळलेल्या लोकांना जाहिरात दाखवली जाते. यात कुकी लागतच नाही. त्या दवाखान्याला ईमेल करा, ‘माझा नंबर आणि माहिती काढून टाका, यापुढे संपर्क करू नका’ असं दोन ओळीत लिहा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. पुढच्या वेळी सल्ला हवा असेल तर सरळ दवाखान्यात फोन करा.

पाळीच्या अ‍ॅपचंही बघा. फ्लो नावाचं अशाच कामाचं अ‍ॅप जगभर चालतं. पाळी कधी आली, गर्भधारणेचा विचार आहे का, ही माहिती खासगी ठेवू असं सांगून ती फेसबुकसारख्या कंपन्यांपर्यंत जाऊ दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी संस्था) ठेवला आणि २०२१ मध्ये त्यावर तडजोड झाली. प्रीमॉम या दुसऱ्या अ‍ॅपला २०२३ मध्ये अशाच कारणासाठी दंड भरावा लागला. अ‍ॅपमध्ये कुकी नसते, पण फोनला स्वतःचा जाहिरात क्रमांक असतो, तो तेच काम करतो. पाळीच्या तारखा कालनिर्णयच्या पानावर पेन्सिलीने खूण करून ठेवल्या तरी डॉक्टरांना तेवढंच लागतं. अ‍ॅपच हवं असेल तर खातं न उघडता, फोनच्या आतच माहिती ठेवणारं बघा.

आता हात कामाला लावा. टॅबचं शेवटी सांगते, आधी तुमचा फोन. गूगल खात्यात ‘माझे जाहिरात केंद्र’ म्हणून पान आहे. त्यात संवेदनशील विषयांची यादी दिसते: मद्य, डेटिंग, जुगार, वजन घटवणं, आणि गर्भधारणा व पालकत्व. हा शेवटचा विषय बंद करा. हे एवढं करायला दोन मिनिटं लागतात, आणि आज दुसरं काही जमलं नाही तरी हे कराच. त्याच पानावर वैयक्तिक आवडीच्या जाहिराती पूर्ण बंद करायचीही सोय आहे, आणि मला विचाराल तर तीही वापरा. जाहिराती थांबणार नाहीत, फक्त तुमच्यावर नेम धरणाऱ्या थांबतील. मग फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, त्यात जाहिराती, तिथे ‘जाहिरात आयडी हटवा’ दिसेल, तो हटवा. क्रोममध्ये साइट सेटिंग्जमध्ये जाऊन तृतीय पक्ष कुकीज ब्लॉक करा. सफारी २०२० पासून हे आपणहून करतं, फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज तिच्याच वेगळ्या बरणीत ठेवतं. क्रोमनेही २०२० मध्ये तसं आश्वासन दिलं होतं, पण २०२४ मध्ये शब्द फिरवला, म्हणून तिथे हे आपल्यालाच करावं लागतं.

माझा आग्रह असा आहे, की उपचारांबद्दलच्या वाचनासाठी फायरफॉक्स वेगळं ठेवा. त्यात गूगल, फेसबुक कशातच लॉगिन करू नका, आणि बंद करताना सगळं पुसायची सेटिंग चालू ठेवा. एक ब्राउझर घरच्या कामाचा आणि एक फक्त तुमचा. पट्टी आली की ‘सर्व नाकारा’ शोधा. ते नसेल तर दुसरी साइट बघा, ही माहिती एकाच साइटवर आहे असं थोडंच आहे.

याने सगळं शंभर टक्के बंद होईल का? नाही. मी पाहिलेल्या त्या दोन्ही कुकीज साइटच्याच नावाने ठेवलेल्या होत्या, तृतीय पक्षाच्या बंदीतून त्या सुटतात. एका वायफायवरची सगळी उपकरणं एकाच घरातली आहेत हेही जाहिरातवाल्यांना कळतं. शिवाय कुकी न ठेवताही फोन ओळखायची एक युक्ती आहे: स्क्रीन केवढी, घड्याळ कोणत्या प्रदेशाचं, फॉन्ट कोणते, ब्राउझरची भाषा कोणती, हे सगळं जोडून माणसाचा ठसा तयार करतात. ब्राउझरची भाषा मराठी ठेवणारे कमी, म्हणून आपला ठसा गर्दीत जरा उठून दिसतो. मी तरीही माझा ब्राउझर मराठीतच ठेवते, आणि तुम्हीही ठेवा. फायरफॉक्स आणि सफारी दोन्ही असे ठसे घेणाऱ्यांना बऱ्यापैकी अडवतात.

सासूबाईंना काय सांगायचं, हे तुम्ही उघड विचारलं नाहीत, पण पत्रात तोच प्रश्न सगळ्यात जड आहे. खोटं बोला असं मी सांगणार नाही, आणि सगळं सांगून टाका असंही नाही. ते कधी सांगायचं हे ठरवायचा हक्क तुम्हा दोघांचा आहे, एका जाहिरातीने घाई केली म्हणून तो जात नाही. ‘आई, तशी काही बातमी नाही, असेल तेव्हा सगळ्यात आधी तुम्हालाच सांगू,’ एवढं वाक्य पुरे. आणि ते वाक्य तुमच्या मिस्टरांनी बोलावं. प्रयत्न दोघांचे आहेत, मग उत्तर एकटीने का द्यायचं? शिवाय तुम्हीच कुणाकडे बोललात असं त्यांना वाटलं होतं, तर तेही या निमित्ताने पुसलं जाईल.

आता टॅब. सेटिंग्जमध्ये खाती असं लिहिलेलं असेल, तिथून तुमचं खातं काढून टाका आणि सासूबाईंच्या नंबरवर त्यांचं स्वतःचं उघडून द्या. फक्त एक करा, खातं काढायच्या आधी त्यांच्या शेजारी बसा. त्या रोज ऐकतात ती कीर्तनं, हरिपाठ, आवडत्या बुवांची चॅनेल, हे सगळं तुमच्या खात्यात जमा आहे, आणि नवं खातं उघडलं की त्यांना ते एकदम रिकामं दिसेल. त्यांना विचारून नावं एका कागदावर लिहून घ्या, आणि नव्या खात्यावर एकेक करून परत लावून द्या.